पायडल

डॉक्टर टेलरमावशींना म्हणाले, "गुडघा पार झिजलाय. दुखरी नस जाळली की कळा थांबतील. आज ती फक्त बधिर करतो. घरी जाऊन ज्यानं दुखतं तेच काम करा. बरं वाटलं, तरच जाळायची." इंजेक्शन घेऊन मावशी काठी टेकत घरी पोचल्या, तर मुलगा त्यांचं शिलाई मशीन गिऱ्हाइकाला दाखवत होता. "आई, तू पड जरा. गुडघ्याच्या भल्यासाठीच विकतोय." मावशींनी काठी त्याच्या हातात कोंबली आणि स्टुलावर बसून पायडल हाणलं. वर्षभर बोंबलणारा गुडघा आज चकार शब्द काढेना. मशीन खडखडत सुटलं. "अगं, काय करतेस?" "डॉक्टरांचं ऐकतेय. तू मात्र परस्पर माझ्या पोटावर पाय देतोयस!" मावशींनी गिऱ्हाइकाचा उसवलेला खिसा हेरला. "काढा शर्ट, शिवून देते." "आणि मशीन?" गिऱ्हाइकानं विचारलं. "ते विकायचं नाही. न्यायचंच असेल, तर ती काठी न्या."