डाव्या बाजूचा जोड

ओढून आणलेली गाडी गॅरेजच्या फाटकातून आत घेतली, तेव्हा मास्तरीणबाई तिच्या मागोमाग चालत आल्या. गाडीचं तोंड पार चेपलं होतं. त्या अपघातात मास्तर गेले, त्याला तीन आठवडे झाले होते.

“पोलिसांनी लिहिलं, चालकाचा ताबा सुटला,” त्या म्हणाल्या. “सरळ रस्ता, भर दुपार, समोर चिटपाखरू नाही. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाचा ताबा सुटतो कसा, ते तुम्ही सांगा मला.”

मिस्त्रीने मान खाली घातली. तीनच महिन्यांपूर्वी ही गाडी त्याच्या हाताखालून गेली होती. मागची चाकं ज्या लोखंडी चौकटीवर तोललेली असतात, तिच्या डाव्या कानाला, म्हणजे चाकाचा दांडा जिथे बोल्टने बसतो तिथे, चीर गेली होती. मिस्त्रीच्या बायकोने ती चीर ग्राइंडरने उघडली, गंज काढला. त्याने वेल्डिंग केलं आणि वरून जाड पट्टी बसवली. घासायचं तिने, जोडायचं त्याने, ही लग्नापासूनची वाटणी.

“त्या दिवशी आमचं वाजलं होतं,” मास्तरीणबाई गाडीकडे बघत म्हणाल्या. “मी नको ते बोलले. म्हटलं, तुम्ही नसता तर सुखात राहिले असते. त्यांनी किल्ली उचलली आणि गेले. लेक तेव्हा घरातच होती. आता माझं तोंड बघत नाही.” त्या मिस्त्रीकडे वळल्या. “ते मुद्दाम गेले का हो?”



मिस्त्रीने जॅक लावून गाडी उचलली, स्टँडवर टेकवली. बायको सवयीने दिवा धरायला वाकली, तसा तो म्हणाला, “तू त्यांच्याजवळ बस.” आणि एकटाच खाली सरकला.

बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याने हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

“माझा जोड सुटलाय,” तो म्हणाला. “डावा कान तुटलाय. चाक तिरकं झालं असणार आणि गाडी फेकली गेली. मास्तरांच्या हातात काही राहिलंच नसेल. चूक माझी आहे.”

मास्तरीणबाईंनी गाडीच्या दाराला हात टेकला आणि त्या तिथेच खाली बसल्या. खूप रडल्या. मग उठून म्हणाल्या, “मी तुम्हाला कधी माफ करणार नाही.”

“नका करू.”

“गाडी भंगारात घाला. मला परत दिसायला नको.”

फाटकाशी पोचेपर्यंत त्यांनी फोन कानाला लावलेला होता. “अगं, ठेवू नकोस,” त्या म्हणत होत्या, “आधी ऐक माझं.”

मिस्त्रीने गाडीवर ताडपत्री ओढली, चारी टोकं बांधली. त्या संध्याकाळी दोघांची ताटं तशीच राहिली.

बायकोच्या डोळ्यांसमोर तो तीन महिन्यांपूर्वीचा दिवस होता. बहिणीकडे जायचं म्हणून ती घाईत होती. चीर नीट उघडली, पण चिरेचं टोक सापडेपर्यंत घासलं का? तेवढं तिला काही केल्या आठवेना. टोक आत राहिलं की वरून कितीही सुबक वेल्डिंग करा, चीर आतल्या आत पुढे सरकते. हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

“घासलं मी होतं,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही का अंगावर घेता?”

“तुझा काही संबंध नाही.”

“मला बघू द्या तरी.”

“ताडपत्रीला हात लावू नकोस. शनिवारी भंगारवाला येतोय.”

एवढ्या करड्या आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. तिची खात्रीच पटली. तिची चूक झाकायला त्याने स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं होतं.

बातमी पसरायला दोन दिवस पुरले. शाळेच्या व्हॅनवाल्याने अर्धवट खोललेली व्हॅन दोरीने ओढून नेली. टॅक्सीवाले समोरून जाताना मुद्दाम पलीकडे बघायचे. एक जण तर तोंडावर म्हणाला, “मिस्त्री, तुमच्यापेक्षा दोरीने बांधलेलं बरं.” मिस्त्रीने हसल्यासारखं केलं. पंचवीस वर्षांत त्याचा एक जोड सुटलेला तिला माहीत नव्हता. आणि आता हा माणूस रिकाम्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून तेच ते पाने पुसत होता. बायकोला ते बघवेना.

बाजारात तिला मास्तरीणबाई लांबून दिसल्या. लेक बरोबर होती, पिशवी लेकीच्या हातात होती. मिस्त्रीची बायको दुकानाच्या आडोशाला सरकली. हिच्या नवऱ्याचा जीव आपल्या घाईने गेला, आणि आपण भाजी घेतोय. तिने तिथेच ठरवलं. जायचं, पाय धरायचे आणि खरं काय ते सांगायचं. पण त्याआधी आपली चूक आपल्या डोळ्यांनी बघायची, म्हणजे सांगताना जीभ अडखळायला नको.

शनिवारी सकाळी मिस्त्री भंगारवाल्याला आणायला गेला. तिने ताडपत्रीच्या गाठी सोडल्या, दिवा घेतला आणि पाठीवर खाली सरकली. सगळीकडे चिखल वाळून बसला होता. डाव्या कानावर तिने तारेचा ब्रश मारला. पपडी चेहऱ्यावर पडली, तिने डोळे मिटले, पुन्हा घासलं. मग दिवा अगदी जवळ नेला.

कान जागच्या जागी होता. पट्टी होती, बोल्ट होता, आणि चिरेच्या जागेवरून मिस्त्रीचं वेल्डिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेलं होतं.