छान आंबलंय

"आंबलेलं खायला घालू मी तीनशे कामगारांना?" कॅन्टीनचा मॅनेजर उंबऱ्यातूनच ओरडत आत आला.

"अहो, छान आंबलंय म्हटलं मी फोनवर," सासूबाई म्हणाल्या. "छान!"

"त्यात छान काय, आजी? आमच्या घरी काही आंबलं की केराच्या टोपलीत जातं."

"आणि आमच्याकडे आंबलं नाही की जातं," सून म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी हातून फ्रिजचं बटण बंद झालं होतं. कुणाच्या, ते दोघींनाही पक्कं ठाऊक होतं, म्हणून दोघीही त्यावर बोलत नव्हत्या. सोमवारी सकाळी सुनेने कारखान्याचं कुलूप काढलं, तर फ्रिज मुका आणि आतल्या लोणच्याच्या चाळीस बरण्या कोमट. कारखाना म्हणायचा आपला. खोली एकच, ओटा एकच, आणि मोठी म्हणावी अशी ऑर्डरही आयुष्यातली ही पहिलीच. ती परत गेली असती तर पुन्हा मिळाली नसती. वर "त्यांच्याकडचं नासकं निघालं" हे बाजारभर झालं असतं ते वेगळं.

आजवर असा निवाडा सासूबाईंचं नाक करायचं. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, हो किंवा नाही, विषय संपला. मागच्या आजारपणात ते नाकच गेलं. आता त्यांना फिनेल काय आणि फुलं काय, सारखंच.

"बघा तरी," म्हणत सुनेने गाजराची पहिली बरणी उघडली. फस्स झालं. मॅनेजर दोन पावलं मागे.

"बघा, बघा! वायू झालाय!"

"व्हायलाच हवा. मिठाच्या पाण्यात गाजर आंबतं ते असंच. पाणी गढूळ दिसतंय ना? तेही त्यामुळेच. गारव्यात आंबणं मंदावतं, दोन दिवस गारवा नव्हता, म्हणून जरा पुढे गेलंय." तिने वास घेतला. आंबट, स्वच्छ. गाजरं पाण्याखाली बुडालेली, बुरशी नाही, बुळबुळीतपणा नाही. मग तिने खणातून आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी काढली आणि एक पट्टी पाण्यात बुडवली. पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी लावून पाहिला. "साडेतीन. साडेचारच्या खाली असेल तर एवढ्या आंबटात वाईट काही वाढत नाही. हा आकडा जितका खाली, तितकं आंबट."

मॅनेजर स्वतः वाकून रंग पाहू लागला. तीही थांबली नाही. बरणी, झाकण, फस्स, नाक, पट्टी. गाजराच्या चौतीस बरण्या, एकही सोडली नाही.

राहिल्या कांद्याच्या सहा बरण्या. व्हिनेगरमधला कांदा, सासूबाईंनी स्वतः, परवाच घातलेला. रंग कसा गुलाबी, लखलखीत. वासही झकास.

"ते बघायलाच नको," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातचा कांदा आहे."

सुनेने पट्टी बुडवली. रंग पाहिला. दुसरी बुडवली. तोच रंग.

"पाच," ती म्हणाली.

"वास येतोय का वाईट?"

"नाही, आई. वास छानच आहे."

"मग?"

"हा कांदा आंबलेला नाही, नुसता भिजलाय. व्हिनेगर कमी पडलंय. तो फ्रिजच्याच भरवशावर होता, आणि फ्रिज दोन दिवस बंद." सासूबाईंच्या डोळ्यांत पाहायचं धाडस तिला झालं नाही, पण हात चालत राहिले. एकेक बरणी तिने मोठ्या कचऱ्याच्या पिशवीत रिकामी केली. सहाच्या सहा. खोलीत नुसता कांदा पडल्याचा थबथब आवाज.

मॅनेजर टक लावून पाहत होता. ऐटीत बसलेला गुलाबी कांदा पिशवीत, आणि गढूळ, फसफसणारं गाजर ओट्यावर!

"चांगला दिसत होता हो तो," तो हळूच म्हणाला.

"दिसत होता," सून म्हणाली.

त्याने गाजराच्या बरणीकडे बोट केलं. तिने चमच्याने एक फोड काढून दिली. त्याने डोळे मिटून ती तोंडात टाकली, जणू औषधच. कर्रकन आवाज झाला. डोळे उघडले. मग त्याने न विचारता दुसरी घेतली, आणि तिसरी घेताना सासूबाईंनाही एक पुढे केली. सासूबाईंनी ती चावली. नाक गेलं असलं तरी आंबट जिभेला कळतंच की! त्यांचा अख्खा चेहरा आक्रसला आणि मग उजळला.

"चौतीसच्या चौतीस गाडीत ठेवा," मॅनेजर म्हणाला. सुनेने लगेच झाकणं आवळायला घेतली. तो मात्र सवयीने सासूबाईंकडे वळला. "आजी, पुढच्या सोमवारी पन्नास जमतील?"

सासूबाईंच्या तोंडात अजून गाजर होतं. त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत चावून संपवलं.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "मालकीण समोर उभी आहे."