शेवटची पट्टी

नववीतल्या वेंदुलाने आखलेली, कापून-चिकटवून जोडायची कागदी पवनचक्की चेक देशातल्या ब्रनो शहराच्या एका मासिकात छापून येणार होती, आणि तीही तिच्या नावासकट! घोडं अडलं होतं ते फक्त जोडणीच्या शेवटच्या सूचनेपाशी.

छप्पर बसलं की मॉडेल चहूबाजूंनी बंद होतं. मग शेवटच्या पट्टीला गोंद लावून बाहेरून दाबायचं. आतून आधार नसल्यामुळे कागद तिथे थोडा खचतोच.

"तुझ्या पवनचक्कीचा खचत नाही," संपादक शेबेस्तोवाबाई म्हणाल्या. "ज्यांनी ज्यांनी जोडून पाहिली, ते म्हणतात, आतून कोणीतरी धरतं. पोरी, ती पुरती बंद होऊ देऊ नकोस, छपराला भोक ठेव, नाहीतर मी छापणार नाही."

"माझ्या छपराला भोक? छे हो बाई! तुमची माणसंच घाबरट. आणा इकडे, तुमच्यासमोर जोडते."

भर दुपारी, खिडकीतल्या लख्ख उन्हात तिने पवनचक्की जोडली. शेवटच्या पट्टीवर बोट टेकवलं.

पलीकडून कागदाला एक बोट टेकलं. लहानसं, उबदार.

वेंदुलाचा चेहरा पाहून बाई दारापर्यंत मागे सरकल्या. "सोड ते, वेंदुला!"

"मी का सोडू? पवनचक्की माझी आहे!" म्हणत तिने आणखी जोर लावला.

आतूनही कोणीतरी लावला.