घोडा दिसला की

फुमिए आजींनी चौथं गिऱ्हाईक परत पाठवलं, तेव्हा दलाल मोमोसे वैतागला. हाकुबातलं घर, खिडकीत अख्खा डोंगर, आणि ही म्हातारी येईल त्याला चष्म्याचा नंबर विचारत बसते!

पाचवी आली तोक्योची एक तरुणी. तिने खिडकीतूनच समोरच्या स्की-लिफ्टच्या खांबावरचा आकडा बिनचष्म्याने वाचला.

"घर तुझं," आजी म्हणाल्या. "दुर्बीण इथेच ठेवते. मे महिन्यात बर्फ वितळून उतारावर घोड्याचा आकार उमटतो. तो दिसला की रोज त्याच्या पायाखालची घळ बघायची, पोरी."

"काय आहे तिथे?"

"माझा मुलगा. बर्फाखाली गेला तेव्हा अंगात लाल जाकीट होतं. अकरा वर्षं बघत बसले गं. आता मला घोडाच दिसत नाही."