निळ्या डोळ्याची चेटकीण

हॅलोविनच्या आदल्या शनिवारी, ओहायोतल्या आमच्या गावी भरणाऱ्या जुन्या खेळण्यांच्या बाजारात, मी माझा सगळ्यात भारी माल काचेखाली मांडला होता. १९८२ सालची बॅटरीवरची चेटकीण. तिचा डोळा हिरवा झाला की पोरांनी पळायचं, लाल झाला की जागच्या जागी थांबायचं. माझ्या चेटकिणीचा डोळा मात्र हिरव्याऐवजी निळा होतो. अशा फक्त अठ्ठेचाळीस निघाल्या. म्हणून मी पाटी लावली होती, 'दुर्मिळ! कारखान्यातली चूक.'

काठी टेकत आलेल्या एका आजींनी ती वाचली आणि भडकल्याच.

"चूक? कुणाची चूक? अरे, त्या कारखान्यात तिच्या डोळ्याची काच मीच बसवली. शेजारी खेळण्यातल्या पोलीसगाड्या बनायच्या, त्यांच्या निळ्या काचा उचलून."

"मुद्दाम? का, आजी?"

"माझ्या पोराला, वेंडेलला, लाल-हिरवं सारखंच दिसायचं. या खेळात पहिला बाद तोच. पोरं फिदीफिदी हसायची."

"मग एकच बदलायची ना! अठ्ठेचाळीस कशाला?"

"कारखान्यातून घरी काही नेता येत नव्हतं. घ्यायचं तर गावच्या दुकानातून. म्हणून गावाला येणाऱ्या अख्ख्या खोक्यातले डोळेच बदलले. त्या हॅलोविनला माझ्या वेंडेलनं गल्लीतल्या एकेकाला हरवलं!"

मी पाटी काढली आणि 'चूक' खोडलं. "आता काय लिहू?"

"माझं नाव, व्हर्ना स्टुकी," आजी म्हणाल्या. "आणि जरा मोठ्या अक्षरात लिही."