फडक्याखालचं पीठ

खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळे ठोकत होतं. दोरीवर एकच पायमोजा वाळत होता. आजी गेल्यापासून आईनं अन्नाला धड हात लावला नव्हता.

म्हणून नातीनं आजीसारखा पाव करायचा घाट घातला. परमुलखात आल्यावर आजीनं कारखान्यात राबून, घरी पाव भाजून लेकीला वाढवलं होतं. फुगलेल्या पिठात आजी बोटं रुतवायची. खड्डे भरून आले तर थांबायचं, तसेच राहिले तर ओव्हनमध्ये टाकायचं.

नातीनं ओलं फडकं उचललं. पिठात तीन खड्डे होते.

"आई, तू बोटं लावलीस?"

"मी जागची हलले तरी का गं?" आई खाटेवरूनच म्हणाली.

नातीनं पीठ सारखं केलं, फडक्यानं झाकलं आणि त्यावर तळहात ठेवून उभी राहिली. हाताखाली काहीतरी हळूच दबलं. तिनं फडकं ओढलं. तेच तीन खड्डे, आता जरा जास्तच खोल.

आई उठून आली. खड्ड्यांमधल्या एका बोटाएवढ्या सपाट जागेवरून तिनं अंगठा फिरवला.

"टाक ओव्हनमध्ये. तिला पुन्हा सांगायला लावू नकोस. आणि मला गरमच दे."

आजीचं मधलं बोट परमुलखातल्या पहिल्याच हिवाळ्यात यंत्रात गेलं होतं.