सहावा टांगा

टांग्यांचे परवाने नवे करून घ्यायचा दिवस. नाचणगावच्या अड्ड्यावर धडधाकट घोडी एकट्या चंद्रभानची. बाकी पाच जणांची जनावरं लंगडी, नाहीतर म्हातारी.

"चंदूभाऊ, तुही घोडी जुंपू दे न," गुणवंता म्हणाला. "माह्यं घोडं पाह्यलं तं सायेब परवाना देनार नाई."

"ने. पन पानी पाजून आनजो."

एकाला दिली, मग कोणालाच नाही म्हणवेना. दर वेळी गोंडा बदलून तीच घोडी पाचही टांगे पास करून आली. पाणी कोणीच पाजलं नाही. भर उन्हात चंद्रभानची पाळी आली, तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता, पाय लटपटत होते.

साहेबांनी कागदावर 'नापास' लिहिलं.

"लाज वाटत नाही? आधीच्या पाच जणांच्या घोड्या बघ, कशा पोसल्यात त्यांनी!"